शिडीवरचा फंड

माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर हातात पेन आलं ते खानावळीचं सामान लिहिण्यापुरतं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही, आणि जोडाक्षर आलं की हात अडखळतो. ही वही मी पिठाच्या डब्यामागे ठेवते. उद्या कुणाच्या हाती लागलीच, तर चुकांबद्दल आधीच माफी मागते. पण त्या माणसाबद्दल कुठेतरी लिहून ठेवावं असं फार दिवस वाटतंय, आणि तोंडाने सांगणं मला कधी जमलं नाही.

सगळे त्यांना सेक्रेटरी म्हणत. मी भावोजी म्हणायचे, म्हणजे मनात म्हणायचे. त्या वेळी बहारीनहून सौदीला जायचा पूल झाला नव्हता. मनामाच्या जुन्या वस्तीत, खाली दोन खोल्यांत, आमची खानावळ होती. आमचे हे एका लाँड्रीची गाडी चालवायचे आणि मी स्वयंपाक करायचे. रत्नागिरीकडची माणसं दोन्ही वेळा जेवायला यायची. गच्चीवर एक खोली होती, तिथे सेक्रेटरी एकटे राहत. जिना एका मजल्यापुरताच होता. पुढे गच्चीवर जायचं तर भिंतीला लावलेली लोखंडी शिडी.

हिद्दला जहाजं दुरुस्त करायची गोदी होती, तिथे ते स्टोअरकीपर होते. पाना असो, पंप असो, साखळी असो, आत घ्यायच्या आधी बोटाच्या पेराने ठोकायचे, कान लावून आवाज ऐकायचे आणि पसंत पडलं तर खडूने बरोबरची खूण करायचे. ही सवय त्यांच्याबरोबर घरी यायची. खिशात खडू कायम. कलिंगड ठोकत, गॅसचा सिलिंडर ठोकत, शिडी चढताना मधेच थांबून भिंतीचा गिलावा ठोकत. गावाहून नवीन माणूस आला की त्याच्या पाठीवर ठोकत. मी नवा कुकर घेतला तेव्हा तोही ठोकून त्यावर खूण करून गेले. ती खूण मी बरेच दिवस पुसली नाही.

"माल आत येतानाच बघायचा," ते म्हणायचे. "एकदा आत आला की तो आपला."

पहिल्या शिफ्टहून आले की ते शिडी चढून वर जात, ते जेवायच्या वेळेपर्यंत खाली येत नसत. दुपारचा चहा त्यांना दोरीने लागायचा. गच्चीवरून एक टोपली खाली सोडायचे, त्यात रिकामी किटली. मी भरून ठेवायचे, ते ओढून घ्यायचे. "सारखं वरखाली करून शिडीचे दांडे झिजतात," असं त्यांचं म्हणणं. मला ते बरंच होतं. परक्या पुरुषासमोर जायला मला तेव्हा फार संकोच वाटायचा, आणि टोपलीला काही उत्तर द्यावं लागत नाही.

तर त्यांचा आजारफंड. सरकारी दवाखान्यात औषधाला फारसं पडत नसे. पण खाडा झाला की पगार कापला जायचा, आणि दुखणं मोठं असलं की माणसाला गावीच जायचं असायचं. तिकिटाचे पैसे कुठून आणायचे? म्हणून सेक्रेटरींनी फंड काढला. महिन्याला एक दीनार भरायचा. आजारी पडलात तर खाड्याचे पैसे फंड देणार, गावी जावं लागलं तर तिकीट फंड काढणार. अट एवढीच, की काहीही दुखलं तरी आधी सेक्रेटरींना दाखवायचं. त्यांनी हो म्हटलं तरच फंडाने ठरवलेल्या मल्याळी डॉक्टरांकडे जायचं.

हे दाखवणं माझ्या खानावळीत चालायचं, भर पंगतीत.

"जीभ काढ. सकाळी साफ झालं का? पातळ की घट्ट?"

"अहो सेक्रेटरी, समोर आमटी आहे."

"मग आमटीकडे बघ आणि मला उत्तर दे."

मेंबर व्हायचं तर दीनार घेऊन शिडी चढून वर जायचं, आणि पोचल्याबरोबर न थांबता आपल्या घरातल्या सगळ्या माणसांची नावं सांगायची. धाप लागली तर नापास. गुहागरकडचा एक तरणाबांड गडी होता, त्याच्या घरी एवढी माणसं की चुलत्यांपर्यंत पोचताना त्यालाच धाप लागली. त्याला परत पाठवला. आणि आमचे सुतारभाऊ, ज्यांचा दमा रस्त्यावरून ऐकू यायचा, ते पास झाले. ते लवकर जाऊन, एकेक दांड्यावर थांबत चढले, पाण्याच्या टाकीमागे आरामात बसले आणि श्वास जाग्यावर आल्यावर सेक्रेटरींच्या दारात उभे राहिले. घरी म्हातारी आई एकटीच. तिचं नाव सांगितलं आणि मेंबर झाले.

ज्याला गरज होती तो शिडी काय, ताडावर चढला असता. चढले नाहीत ते धडधाकट. आमचे हे त्यांतले पहिले.

"ड्रायव्हरसाहेब, कधी भरताय?" सेक्रेटरी विचारायचे.

"कशाला भरू? मी दगड पचवतो. माझ्या दीनाराने सुतार खोकणार, त्यापेक्षा मी सुरमई खाईन."

सुतारभाऊ बाजूलाच जेवत असायचे. ते म्हणायचे, "खा बाबा. काटा अडकला की सांग, मी मेंबर आहे, माझ्या नावावर दाखवू."

सहा महिन्यांत सेक्रेटरींच्या लक्षात आलं की शिडी उलटं काम करतेय. ठोकून ठोकून घेतलेला सगळा माल तडकलेला. मग त्यांनी डोकं लढवलं. धडधाकट माणसाला बोलवायचं तर त्याला आवडेल तिथे बोलवायला हवं. आणि धडधाकट माणूस कुठे आपणहून पुढे येतो? शिमग्याला, पालखी नाचवायला.

आमच्याकडे शिमग्यात देवीची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. वजन काही साधं नसतं, आणि नाचवायची म्हणजे नुसती उचलायची नव्हे. खाली वाकवायची, वर फेकायची, गरगर फिरवायची. सेक्रेटरी म्हणाले, "यात जो टिकेल तो ठोकून घेतल्यासारखाच."

गोदीतल्या खोक्यांच्या जाड फळ्या त्यांनी आणल्या आणि सुतारभाऊंनी पालखी केली. बुदैयाला एका शेतावर आमच्या भागातला एक माणूस खजुरीच्या झाडांना पाणी द्यायचा. त्याच्या मालकाने एका शुक्रवारी शेत वापरू दिलं. मी डोक्यावर पदर घेऊन जेवणाच्या पातेल्यांजवळ बसले होते, तिथून सगळं दिसत होतं. पालखीत नारळ आणि देवीचा फोटो. ढोल नव्हता म्हणून तेलाचा रिकामा डबा. आणि सेक्रेटरी एका उपड्या पेटीवर खडू घेऊन बसलेले. शेताचा मालक पोरांना घेऊन बघायला आला होता, तो टाळ्या वाजवत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, म्हणत होता.

काय नाचले ते लोक. घामाने निथळत होते पण खांदा सोडत नव्हते. एक जण तर डोळे मिटून, ओठ आवळून, दुसऱ्याला खांदा द्यायलाच तयार नव्हता. सेक्रेटरी पेटीवरून उठून एकेकाच्या शर्टावर पाठीमागून बरोबरच्या खुणा करत फिरत होते. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. आमचे हे आणि त्यांच्यासारखे चार-पाच जण मात्र सावलीत पत्ते खेळत होते. जेवण कधी वाढणार एवढंच ते विचारत होते.

पंधरवड्यात फंडाला आग लागली. खुणा केलेल्यांतला एक मूळव्याधीने आडवा. एक पोटातल्या अल्सरने. जो डोळे मिटून नाचत होता त्याला तर मुतखड्याने भर रस्त्यात बसवलं. सेक्रेटरी त्याला म्हणाले, "अरे, तू तर सगळ्यात जास्त नाचलास."

"नाचणारच," तो कण्हत म्हणाला. "नवस होता माझा. देवीला म्हटलं होतं, या खड्यातून सोडव, शिमग्याला पालखी नाचवीन."

सेक्रेटरींनी बाकीच्यांना विचारलं. सगळ्यांचं तेच. ज्याला जेवढं मोठं दुखणं त्याचा तेवढा मोठा नवस, आणि ज्याचा मोठा नवस तो जास्त वेळ नाचला. त्या पंगतीत ते ताटाकडे बघत नुसते बसून राहिले. शेवटी आमच्या ह्यांना म्हणाले, "आणि तुम्ही पत्ते कुटत का बसला होतात?"

"आम्हाला देवीकडे काय मागायचं नव्हतं," हे म्हणाले, आणि भात मागितला.

फंड वाचवायला सेक्रेटरींनी दीनाराचा दीड दीनार केला. त्यासरशी जे दोघे-तिघे धडधाकट चुकून आत आले होते ते निघून गेले. दमेवाले आणि खडेवाले कशाला जातील?

आता माझं सांगते. लिहायलाही संकोच वाटतो. मला बरेच महिने त्रास होत होता आणि मी कुणाला बोलले नव्हते. ह्यांना बोलले तेव्हा पार थकले होते. मल्याळी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पोटात गाठ आहे, पिशवी काढावी लागेल, उशीर करू नका. इथे माझं करायला कोणी नव्हतं. गावी बहीण होती. पण तिकीट, ऑपरेशन, औषधं, नंतर बसून राहायचे महिने. नुकतंच नणंदेचं लग्न केलेलं. आमच्या हातात काही नव्हतं.

त्या दिवशी रात्री हे दीड दीनार घेऊन सेक्रेटरींसमोर उभे राहिले.

"हे घ्या. मला मेंबर करा."

सेक्रेटरी जेवत होते. हातातला खुबूस रोटीचा तुकडा त्यांनी परत ताटात ठेवला. "तुम्ही? दगड पचवणारे?"

"माणूस सुधारतो."

"नाही सुधारत. धडधाकट माणूस आपल्या पायांनी फंडाकडे आला म्हणजे त्याच्या घरात कोणीतरी आजारी आहे. कोण, वहिनी?"

मी स्वयंपाकाच्या खोलीत पडद्याच्या आत होते, हातात पळी. ह्यांनी पडद्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "बायकांचं आहे."

मी पळी घट्ट धरली. आता सेक्रेटरी विचारणार, कुठे दुखतं, किती दिवस, रंग काय. अख्ख्या पंगतीसमोर. मला वाटलं, इथेच जमिनीत जावं.

त्यांनी विचारलं नाही. ज्याने बहारीनमधल्या निम्म्या रत्नागिरीची जीभ बघितली होती, त्याने मला काय झालंय हे त्या दिवशीही विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही. पडद्याच्या फटीतून त्यांचे कान लाल झालेले दिसत होते. "दुखणं आल्यावर मेंबर होता येत नाही," ते ताटाकडे बघत म्हणाले. "आणि होता आलं असतं तरी फंडात आहे काय? खडखडाट." पैसे परत दिले आणि उठले. ताटात अर्धा भात तसाच. ते कधी शीत टाकत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाची वेळ नसताना, टोपली खाली आली. किटलीचं झाकण काढलं तर आत नोटांची गुंडाळी.

वरून आवाज आला. ते कठड्याशी आले नव्हते, मागेच उभे राहून बोलत होते. "वहिनी, हे फंडाचे नाहीत. माझे आहेत. बरं होऊन या. सावकाश फेडा."

मी गेले, ऑपरेशन झालं, बरी होऊन परत आले. खानावळ पुन्हा सुरू झाली. महिन्याच्या महिन्याला हप्ता चहाबरोबर टोपलीतून वर जाऊ लागला. ते पैसे कसले होते हे मला सुतारभाऊंनी सांगितलं.

"तो त्यांचा स्वतःचा फंड होता, वहिनी. एका माणसाचा. त्यांना साखर आहे, छातीचंपण आहे. तुमच्या आमच्या फंडात ते नाहीत."

मी पहिल्यांदाच पडद्याबाहेर येऊन बोलले. "सेक्रेटरी, आणि मेंबर नाहीत?"

"स्वतःच्याच परीक्षेत नापास. म्हणतात, असला माल मी आत घेतला नसता, मग मला कसा घेऊ?"

तेव्हा मला टोपलीचा अर्थ कळला. शिडीचे दांडे झिजत नव्हते. चढताना मधेच थांबून ते भिंतीचा गिलावा ठोकून बघायचे, तेही गिलाव्यासाठी नव्हतं, धाप लागायची म्हणून होतं. आणि आता या माणसाला काही झालं तर याच्याजवळ काही नव्हतं. होतं ते माझ्यावर खर्च झालं होतं.

त्या दिवसापासून मी त्यांच्या चहातली साखर बंद केली.

"वहिनी, साखर राहिली," वरून आवाज आला. मी आत निघून गेले. किटली परत आली ती तिच्यावर खडूने फुली मारून. मी फुली पुसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बिनसाखरेचा चहा भरला. पुन्हा फुली. असं कितीतरी दिवस चाललं. त्यांच्या ताटात भात कमी, कारली जास्त. मटणाच्या दिवशी त्यांना फक्त रस्सा. एक दिवस त्यांनी वाटीतलं कारलं बोटाने ठोकून पाहिलं आणि मग खाल्लं.

हे मला म्हणाले, "त्यांना जगवायला निघालीस की उपाशी मारायला?"

"पैसे फिटेपर्यंत त्यांनी आजारी पडायचं नाही," मी म्हटलं. ह्यांनी ते तसंच सेक्रेटरींना सांगितलं.

एके सकाळी ते शिडीपाशी फारच वेळ गिलावा ठोकत उभे होते. मी खाली भांडी घासत होते. कुठून धीर आला कोण जाणे. उठले, पदर सावरून जिना चढले आणि म्हटलं, "भावोजी, जीभ दाखवा."

त्यांनी ठोकणं थांबवलं. मग शाळेतल्या मुलासारखी त्यांनी जीभ बाहेर काढली. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण मी मान हलवली आणि म्हटलं, "आज कामावर जाऊ नका." ते गेले नाहीत. त्या दुपारी किटली परत आली तेव्हा तिच्यावर फुली नव्हती, बरोबरची खूण होती.

फंडाचंही त्याच सुमारास सुधारलं. वर चढायचा कंटाळा म्हणून माणसं फंडाचे पैसे माझ्याकडेच ठेवून जायची. मी ह्यांना म्हटलं, जेवायला तर सगळेच येतात, बरे आणि आजारी. पुन्हा एकच दीनार, आणि तो जेवणाच्या पैशातच धरला तर? ह्यांनी पंगतीत सांगून टाकलं, इथे जेवेल तो मेंबर.

"मला काय झालंय?" गुहागरवाला म्हणाला.

"मलापण काय झालं नव्हतं," हे म्हणाले. "भात वाढू?"

कुरकुर झाली, पण माशाचं कालवण सोडून कोणी गेलं नाही. सेक्रेटरींना मात्र ते पटेना. "म्हणजे न ठोकता सगळाच माल आत?" फंड भरायला लागला तरी त्यांचा विश्वास बसत नव्हता. आणि स्वतःच्या जेवणाच्या पैशातून तो एक दीनार ते दर महिन्याला कापून देत. नापास म्हणजे नापास.

मग एका उन्हाळ्यात टोपली खाली आलीच नाही. मी वाट बघितली, हाक मारली. शेवटी साडी खोचली आणि शिडी चढले. आयुष्यात पहिल्यांदा त्या गच्चीवर गेले. ते खाटेवर पडून होते, पाय सुजलेले. मल्याळी डॉक्टर आले आणि म्हणाले, नोकरी पुरे, यांना गावी पाठवा, तिथे नीट उपचार होऊ देत.

संध्याकाळी सगळी पंगत वर जमली. सुतारभाऊंनी फंडाचे पैसे पुढे केले. सेक्रेटरींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मी मेंबर नाही. नियम मोडायला मी काय ड्रायव्हर आहे?"

ह्यांनी विनवलं, सुतारभाऊ चिडले, ते ढिम्म हलले नाहीत. तिकिटाचे पैसे त्यांच्याकडे नव्हते आणि उसने घेणार नव्हते. सगळे खाली येऊन बसले. कोणी जेवेना. माझ्या मनात आलं, फंडाचे पैसे ते घेणार नाहीत, पण स्वतःचे कसे नाकारतील? आमचे अजून बरेच हप्ते बाकी होते.

मी पडद्यातून ह्यांना सांगितलं आणि ह्यांनी पंगतीला. जेवणाचे पुढच्या तीन महिन्यांचे पैसे ज्याला जमेल त्याने आत्ताच द्यावेत, जेवण चुकणार नाही. गुहागरवाल्याने पहिले काढले. मुतखडेवाल्याने दिले. सुतारभाऊंनी खोकत खोकत दिले. कोणाला काही झालं होतं, कोणाला काही नव्हतं, सगळ्यांनी दिले.

सकाळी नोटा कमरेला खोचून आणि एका हातात किटली घेऊन मी पुन्हा शिडी चढले. सेक्रेटरी उशीला टेकून बसले होते.

"तुम्हाला धाप लागली नाही," ते म्हणाले.

"तुमचे पैसे," मी म्हटलं. "राहिलेले सगळे."

"आले कुठून?"

"खानावळीचे."

ते खोटं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं, मग नोटा मोजल्या. बोट ओलं करून पुन्हा मोजल्या. एक नोट उजेडात धरून बघितली. मी किटलीतला चहा पेल्यात ओतून पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"जन्मात एकदाच न ठोकता माल घेतला," ते पेल्याकडे बघत म्हणाले, "तो हा असा निघाला."

माल म्हणजे मी, एवढं मला कळलं. त्यांनी नोटा घडी घालून उशीखाली ठेवल्या.

"खलास, वहिनी. सगळे फिटले," ते म्हणाले. "आता मी आजारी पडायला मोकळा."